‘करण घेलो’कार नंदशंकर मेहता : नावांच्या आड दडलेला इतिहास

गुजराती भाषेतील पहिली स्वतंत्र कादंबरी 1866 मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे कर्ते नंदशंकर तुळजाशंकर मेहता हे सुरतेतील शाळामास्तर. त्यांनी आयुष्यात ही एकच कादंबरी लिहिली आणि तेवढ्यावर त्यांचे नाव गुजराती साहित्याच्या इतिहासात कायमचे कोरले गेले. कादंबरीचे नाव ‘करण घेलो’. घेलो म्हणजे वेडा, खुळा, विषयाच्या मागे भान हरपलेला. पाटणच्या शेवटच्या रजपूत राजाला लोकांनी दिलेले हे उपनाव लेखकाने थेट ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आणले. अद्भुत आणि इतिहास यांच्या सीमेवर वावरणाऱ्या या कथेत माणसांची नावे नुसती हाक मारण्यापुरती नाहीत. ती उकलून पाहिली, की कथेचा न्याय कोणत्या बाजूने झुकतो, हे कळते.

नंदशंकरांचा जन्म 21 एप्रिल 1835 रोजी सुरतेत एका नागर ब्राह्मण कुटुंबात झाला. वडिलांच्या नावातील तुळजा मराठी वाचकाला लगेच ओळखीची वाटेल. ते दोन वर्षांचे असताना, 1837 मध्ये, सुरतेत भीषण आग लागली आणि त्याच वर्षी तापीला पूर आला. एके काळी जगभरची गलबते ज्या बंदराकडे धाव घेत, त्याचे वैभव आधीच मुंबईकडे सरकले होते. आगीने आणि पाण्याने उरलेसुरलेही नेले. गतवैभवाच्या आठवणी आणि डोळ्यांसमोरची पडझड यांच्यामध्ये त्या पिढीचे बालपण गेले. त्याच पिढीतून नर्मद, नंदशंकर आणि नवलराम हे तीन लेखक पुढे आले. तिघांचीही नावे ‘न’ने सुरू होतात, म्हणून गुजरातीत ते सुरतेचे ‘त्रण नन्ना’ म्हणून ओळखले जातात. मराठीत नकार देणाऱ्याच्या तोंडी नन्नाचा पाढा असतो. गुजरातीतही नन्नो म्हणजे नकारच. जुन्या रूढींना नकार देणाऱ्या काळातील या तिघांना ते नाव शोभून दिसले.

त्या नकाराची सुरुवात नंदशंकरांच्या लहानपणीच झाली होती आणि तिच्यात एका मराठी माणसाचा हात होता. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर तेव्हा सुरतेत शिक्षक होते. दुर्गाराम मेहताजी आणि दादोबा यांच्या पुढाकाराने 1844 मध्ये तेथे मानवधर्म सभा स्थापन झाली. मंत्रतंत्र करणाऱ्यांनी आणि भुते उतरविणाऱ्यांनी आपली शक्ती सर्वांसमोर सिद्ध करून दाखवावी, असे उघड आव्हान या सभेने दिले. सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या नंदशंकरांच्या मनात ही दोन्ही जगे एकत्र नांदली. एकीकडे पुरावा मागणारी नवी विद्या होती, दुसरीकडे भाट-चारणांच्या तोंडून आलेल्या शापांच्या, शकुनांच्या आणि भुताखेतांच्या कथा होत्या.

पुढे ते त्याच शाळेत शिक्षक झाले आणि तिचे मुख्याध्यापकही झाले. तोवर ही जागा इंग्रज गृहस्थांकडे असे. अध्यापनाचा व्यवसाय त्यांच्या लेखनातही दिसतो. त्यांनी त्रिकोणमितीचे पुस्तक गुजरातीत आणले, तसेच मालवणात जन्मलेल्या डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या संस्कृत ‘मार्गोपदेशिके’चेही गुजराती रूपांतर केले. ज्याने मुलांना संस्कृत शब्दांचे धातू आणि समास सोडवून दाखवले, त्याला नावाच्या पोटात काय असते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

गुजरातीत इंग्रजीच्या धर्तीची गद्यकथा नाही, ती कोणीतरी लिहावी, अशी इच्छा रसेल नावाच्या शिक्षणाधिकाऱ्याने व्यक्त केली आणि नंदशंकरांनी लेखणी उचलली. कथानकासाठी त्यांच्यापुढे अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्सचा ‘रासमाला’ हा गुजरातच्या आख्यायिकांचा 1856 मधील संग्रह होता. याच काळात मराठीतही कादंबरी बाळसे धरत होती. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 मध्ये आली, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ 1868 मध्ये. मुक्तामाला म्हणजे मोत्यांची माळ, मंजुघोषा म्हणजे गोड आवाजाची. या अद्भुतरम्य कथांत नायिकेच्या नावावरूनच तिचे रूपगुण वाचकाच्या ध्यानी येत. नंदशंकरांनी हीच रीत उचलली. परंतु तिच्याशेजारी त्यांनी इतिहासातील खरी नावे ठेवली आणि दोहोंमधून एक कठोर अर्थ निघू दिला.

कथा तेराव्या शतकाच्या अखेरची आहे. गुजरातचा वाघेला राजा कर्णदेव आपला प्रधान माधव याच्या पत्नीचे अपहरण करतो. तिला वाचवू पाहणारा माधवाचा भाऊ केशव मारला जातो. सूडाने पेटलेला माधव दिल्लीला जाऊन अल्लाउद्दीन खिलजीला गुजरातवर बोलावतो. 1299 मध्ये खिलजीचे सैन्य येते, पाटण पडते, राणी शत्रूच्या हाती लागते आणि राजा परागंदा होतो.

यात सर्वांत आधी राजाचे नाव पाहावे. पाटणच्या गादीवर कर्ण नावाचा एक राजा दोनशे वर्षांपूर्वीही होऊन गेला होता. त्या कर्णदेव सोळंकीची राणी मयणल्लादेवी ही गोव्याच्या कदंब घराण्यातील जयकेशी राजाची कन्या. गुजराती तिला मीनलदेवी म्हणतात. तिचा पुत्र सिद्धराज जयसिंह हा पाटणच्या वैभवाचा कळस मानला जातो. म्हणजे एका कर्णाच्या घरी गोव्याची लेक आली आणि राज्य भरभराटीला पोहोचले. दुसऱ्या कर्णाने परक्याची पत्नी घरी आणली आणि राज्य बुडाले. शिवाय महाभारतातील कर्णाची छाया या नावावर आहेच. दानशूर, पराक्रमी, पण भर सभेत एका स्त्रीच्या अवहेलनेत सामील झालेला तो वीर आठवला, की घेलो या उपपदाची धार वाढते.

प्रधान आणि त्याचा भाऊ यांची नावे परंपरेतून आलेली आहेत. केशव आणि माधव ही दोन्ही विष्णूची नावे. संध्येच्या चोवीस नावांत केशव पहिले, माधव तिसरे. माधव या शब्दाचा एक अर्थ ‘मा’ म्हणजे लक्ष्मी, तिचा ‘धव’ म्हणजे पती. लक्ष्मीपतीचे नाव धारण करणाऱ्याची गृहलक्ष्मी राजा हिरावून नेतो. पुढे सुलतानाच्या हाती लागणारी राजाची राणी इतिहासात कमलादेवी म्हणून ओळखली जाते आणि कमला हे पुन्हा लक्ष्मीचेच नाव. नंदशंकरांनी या राणीला लोकपरंपरेप्रमाणे कौळाराणी म्हटले आहे. ज्याने दुसऱ्याची लक्ष्मी ओढून नेली, त्याची लक्ष्मी दिल्लीला गेली, हा हिशेब इतिहासाने मांडून ठेवला होता. मास्तरांनी तो वाचकाला वाचू दिला.

लेखकाचा कल मात्र दोन जावांच्या नावांत उमटतो. कादंबरीत माधवाची पत्नी रूपसुंदरी, केशवाची पत्नी गुणसुंदरी. एकीच्या नावात रूप, दुसरीच्या नावात गुण. राजाची नजर रूपावर पडते आणि तिथून अनर्थ सुरू होतो. पतीच्या मृत्यूनंतर गुणसुंदरी सती जाते आणि चितेवरून राजाला शाप देते. रूपाचा लोभ धरला, की गुणाचा शाप लागतो, हे सूत्र नावांनीही सांगितले आहे. रूपसुंदरी या नावाला आणखी एक पदर आहे. पाटणचा संस्थापक मानला जाणारा वनराज चावडा याच्या आईचे नावही आख्यायिकेत रूपसुंदरीच आहे. परागंदा होऊन रानात बाळंत झालेल्या त्या मातेच्या मुलाला वनराज म्हटले गेले. पाटणची कथा एका निराधार रूपसुंदरीपासून सुरू होते आणि दुसऱ्या रूपसुंदरीच्या अपहरणाने संपते.

विजेत्यांच्या गोटातील नावे आणखी काही सांगतात. गुजरातच्या स्वारीत खंबायतेत खिलजीच्या सरदारांना एक गुलाम मिळाला. तो हजार दिनारांना विकत घेतला गेला होता, म्हणून त्याला हजारदिनारी म्हणत. त्याचे दुसरे नाव काफूर, म्हणजे कापूर. माणसाची किंमतच त्याचे नाव बनली. पुढे हाच मलिक काफूर दक्षिणेवर चालून आला. करणाला तेव्हा देवगिरीच्या रामदेवराव यादवांनी बागलाणात आश्रय दिला होता. त्याची मुलगी देवलदेवी यादवांच्या घरी सून म्हणून पाठवली जात असताना वेरूळजवळ पकडली गेली आणि दिल्लीला नेली गेली. तेथे शाहजादा खिज्रखानाशी तिचा विवाह झाला. त्यावर अमीर खुस्रोने फारसी काव्य रचले आणि त्यात तिचे नाव देवलऐवजी दुवल असे बदलून घेतले. दुवल हे दौलत या शब्दाचे अनेकवचन. देऊळ या अर्थाशी नाते सांगणारी मुलगी दरबारात पोहोचली, तेव्हा तिचे नाव संपत्ती आणि राज्ये यांचे वाचक झाले. नंदशंकरांनी आपल्या ग्रंथात तिला देवलदेवीच राहू दिले.

अद्भुताचीही अशीच घडण असते. सिद्धराजाच्या बिरुदांत बर्बरक नावाच्या शत्रूला जिंकल्याचा उल्लेख येतो. लोककथेने त्या बर्बरकाचा बाबरो भूत केला. जिंकलेल्या माणसाचे नाव बदलत बदलत त्याचे माणूसपणच गेले. मानवधर्म सभेच्या शहरात वाढलेल्या नंदशंकरांनी भुताखेतांना आपल्या कथेतून हाकलून दिले नाही. मात्र राज्य भुतांमुळे बुडाले, असेही त्यांनी दाखवले नाही. राज्य बुडाले ते राजाच्या वासनेने आणि प्रधानाच्या सूडाने. माधव नागर ब्राह्मण असल्याचे आख्यायिका सांगते. स्वतः नागर असलेल्या लेखकाने त्याचा अपराध झाकला नाही आणि त्याच्यावर झालेला अन्यायही झाकला नाही. त्या काळात, स्वजातीच्या बाबतीत, हे सोपे नव्हते.

कादंबरीला वाचकांनी डोक्यावर घेतले. लेखक मात्र 1867 मध्ये महसूल खात्यात शिरला आणि अंकलेश्वरचा मामलेदार झाला. पुढे संस्थानी कारभारात त्यांनी अनेक वर्षे काढली. 1883 मध्ये ते कच्छचे दिवाण झाले. रावबहादूर ही पदवीही मिळाली. दुसरी कादंबरी त्यांनी लिहिली नाही. प्रधान आणि राजा यांच्यातील विश्वास तुटल्यावर काय होते, हे ज्याने तरुणपणी कथेत लिहिले, त्याला उतारवयात त्याच नात्याची एक बाजू प्रत्यक्ष सांभाळावी लागली. 17 जुलै 1905 रोजी त्यांचे निधन झाले. पुत्र विनायक यांनी 1916 मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. दुसरे पुत्र सर मनुभाई हे सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाचे दिवाण झाले.

गुणसुंदरी हे नाव गुजराती कादंबरीत पुढेही नांदले. गोवर्धनराम त्रिपाठी यांच्या ‘सरस्वतीचंद्र’च्या 1892 मधील दुसऱ्या भागात त्याच नावाची गृहिणी एका मोठ्या कुटुंबाचा भार वाहताना दिसते. शाप देऊन चितेत जाणारी गुणसुंदरी आता घर सावरत जगू लागली होती. पंचवीस-तीस वर्षांत समाजाने स्त्रीकडून काय अपेक्षिले, त्यातील बदल या एका नावाच्या प्रवासात मोजता येतो.

नंदशंकरांच्या घरातील तिसऱ्या पिढीने शब्दाची ताकद आणखी दूर नेली. मनुभाईंच्या कन्या हंसा मेहता यांचा जन्म 1897 मधील. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’सारख्या परदेशी अद्भुतकथा त्यांनी गुजराती मुलांसाठी आणल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात सर्व पुरुष असा अर्थ निघू शकेल असा इंग्रजी शब्द होता. त्या जागी सर्व मानव असा अर्थ देणारे शब्द यावेत, हा आग्रह हंसाबेनांनी धरला आणि 10 डिसेंबर 1948 रोजी मंजूर झालेल्या जाहीरनाम्यात तेच शब्द राहिले.

आजोबांच्या कादंबरीत स्त्रियांना रूप आणि गुण अशी नावे मिळाली, दिल्लीच्या दरबारात एकीचे नाव दौलतीचे झाले, खंबायतेतील गुलामाच्या नावावर त्याची किंमत चिकटली. नाव देण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्याच नजरेने माणूस पाहिला जातो, हे नंदशंकरांच्या एका ग्रंथातून समजते. ज्यांची नावे इतिहासाने मागे ठेवली, त्यांना त्यांनी नाव दिले आणि ज्याने अन्याय केला, त्याच्या नावापुढे लोकांनी लावलेला घेलो हा शब्द पुसून टाकला नाही. गुजराती कादंबरीचा पाया या निवडीवर घातला गेला आहे.