सैंधवाची खिडकी

जुलैमध्ये शनिवारी सकाळी वर्गाला निघताना कधी कधी गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा असतो. आदली रात्र ढगाळ असली, तर तो सहसा नसतो. असे का? याचे उत्तर जॉन टिंडल यांच्या चरित्रात सापडते.

टिंडल यांचा जन्म १८२० साली आयर्लंडमध्ये झाला. वडील साधे पोलीस शिपाई. जॉन जमीनमोजणीच्या नोकरीत लागले. पण कमी पगाराबद्दल तक्रार केली म्हणून १८४३ मध्ये ती नोकरी गेली. ते खचले नाहीत. पैसे साठवून २८ व्या वर्षी जर्मनीला शिकायला गेले आणि १८५३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाले.

१८५९ मध्ये त्यांनी पितळेच्या नळीत निरनिराळे वायू भरून त्यांतून उष्णतेचे न दिसणारे किरण सोडले. यांनाच आपण अवरक्त किरण म्हणतो. नळीच्या तोंडांना काच चालेना, कारण काचच हे किरण अडवते. मग त्यांनी सैंधवाच्या चकत्या बसवल्या. होय, आजी उपवासाला वापरते तेच सैंधव!

प्राणवायू आणि नायट्रोजन यांनी किरण जवळजवळ जसेच्या तसे जाऊ दिले. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांनी मात्र ते अडवले. अमेरिकेच्या युनिस फूट यांनी १८५६ मध्येच कार्बन डायऑक्साइड उन्हात जास्त तापतो हे दाखवले होते. त्यांचेही नाव आपण लक्षात ठेवू या.

म्हणजे वाफ, ढग आणि हा वायू ही पृथ्वीची गोधडी. निरभ्र, कोरड्या रात्री गोधडी पातळ होते आणि काचेवर बर्फ जमतो.

गंमत म्हणजे, सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेत हाच वायू उष्णता अवकाशात सोडून हवा थंड करतो. २००१ साली सोडलेल्या टाइम्ड उपग्रहावरच्या उपकरणाने हे किरण वीस वर्षांहून अधिक काळ मोजले.

१८९३ मध्ये पत्नी लुइझा यांच्या हातून चुकून औषध जास्त दिले गेले आणि टिंडल गेले. लुइझाबाईंनी १९४० पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत, त्यांचे कागद जपले.

टिंडल यांच्या काळी हवेच्या दहा हजार कणांत कार्बन डायऑक्साइडचे तीनसुद्धा नव्हते. आज चाराहून अधिक आहेत. आपल्या शेजारच्या टास्मानियात केप ग्रिम येथे १९७६ पासून ही मोजणी चालते. गोधडी उबदार हवी, पण गुदमरवणारी नको. ती किती जाड होऊ द्यायची, हे आता आपल्या हाती आहे.