कांद्याचे मूळ आणि मॅक्लिंटॉकबाई

नाशिकला कॉलेजात असताना आम्ही लासलगावच्या कांद्याच्या मुळांची टोके रंगवून काचपट्टीवर अंगठ्याने दाबत असू. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी विभागताना दिसे. दोन्हीकडे सोळा-सोळा गुणसूत्रे निघालेली. एकदा मात्र दोन घोळक्यांच्या मधोमध एक धागा ताणलेला दिसला. मला वाटले, पट्टी बिघडली. सरांनी डोकावून पाहिले आणि एकच नाव सांगितले: बार्बरा मॅक्लिंटॉक.

बाई १९०२ साली अमेरिकेत हार्टफर्डला जन्मल्या. मुलगी फार शिकली तर लग्न जमायचे नाही, ही आईची धास्ती. (ही धास्ती आपल्याकडेच असते असे मला वाटत होते!) वडिलांनी बाजू घेतली आणि बाई कॉर्नेलला गेल्या. १९२७ साली डॉक्टरेट मिळाली. मक्याची दहाही गुणसूत्रे त्यांनी एकेक करून ओळखली. लग्न केले नाही.

माझा तो धागा त्यांना मक्यात भेटला, १९३६ ते १९४१ या मिसुरीतल्या वर्षांत. गुणसूत्राचे मूळचे टोक कशालाही चिकटत नाही. तुटलेले टोक मात्र चिकटते. गुणसूत्राची प्रत निघाली की दोन्ही प्रतींची तुटकी टोके एकमेकांना जुळतात. पेशी विभागताना ओढाताण होते, मध्ये पूल तयार होतो, तो तुटतो. पुन्हा तुटकी टोके, पुढच्या विभाजनात पुन्हा तोच खेळ. म्हणजे धड टोकाला काहीतरी संरक्षण असले पाहिजे. माश्यांवर काम करणाऱ्या हर्मन मुलर यांनी १९३८ साली या टोकांना टेलोमिअर हे नाव दिले. बाईंना आणखी एक गोष्ट दिसली: मक्याच्या गर्भात तुटके टोक बरे होते आणि पूल थांबतो. डीएनएची रचना उलगडण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट!

याच तुटक्या गुणसूत्रांच्या मक्यातून पुढे जागा बदलणारी जनुके सापडली. १९५१ साली त्यांनी ती विद्वानांपुढे मांडली, तर फारसे कुणाच्या पचनी पडले नाही. काही वर्षांत बाईंनी त्यावर लिहिणे जवळपास सोडले. मका लावणे सोडले नाही. १९८३ साली, एक्क्याऐंशीव्या वर्षी, नोबेल मिळाले ते या जनुकांसाठी. टोकांचे काम मागेच राहिले, ही माझी तक्रार आहे.

पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात कॅरल ग्रायडर आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना टोके बांधणारे विकर, टेलोमरेज, एका एकपेशीय जीवात सापडले. बाई तेव्हा हयात होत्या. त्या १९९२ साली गेल्या. आणि आमचा कांदा? त्याच्या टोकावरची अक्षरमाळ बहुतेक वनस्पतींहून निराळी निघाली. ती कळायला २०१६ साल उजाडले.