एक्सप्लेनर : एकत्र किराण्यापासून ग्राहक कायद्यापर्यंत; कोण होते बिंदुमाधव जोशी?

ऑनलाइन मागवलेला मोबाइल खराब निघाला किंवा बिल्डरने फ्लॅटचा ताबा लांबवला, तर आज जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. पन्नास वर्षांपूर्वी असा आयोग नव्हता आणि त्यासाठीचा कायदाही नव्हता. हे चित्र बदलण्यासाठी झटणाऱ्यांमध्ये पुण्याचे बिंदुमाधव जोशी यांचं नाव आघाडीवर आहे.

सुरुवात कशी झाली?
जोशी मुळात स्वातंत्र्यसैनिक. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त करण्याच्या लढ्यात ते होते. संगीतकार सुधीर फडके हेही या लढ्यात होते.

१९७२ च्या दुष्काळानंतर राज्यात टंचाई आणि महागाई वाढली. साखर, तेल, रॉकेलसाठी रांगा लागत. साठेबाजी आणि भेसळ नित्याची झाली. कामगारांच्या युनियन होत्या, व्यापाऱ्यांच्या संघटना होत्या. ग्राहक मात्र एकटा होता. ही उणीव ओळखून जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली.

पंचायतीचं काम कसं चालायचं?
शेजारपाजारच्या कुटुंबांनी एकत्र यायचं, महिन्याच्या वाणसामानाची यादी द्यायची आणि पैसे आधी भरायचे. पंचायत उत्पादकाकडून किंवा घाऊक बाजारातून माल घ्यायची आणि सभासद एखाद्याच्या घरी तो वाटून घ्यायचे. दुकान नाही, जाहिरात नाही. भाव कमी पडायचा आणि मालाची पारखही व्हायची. एकट्या गिऱ्हाइकाचं कुणी ऐकत नाही, पण शंभर घरं एकत्र आली की ऐकावं लागतं, हे सभासदांना अनुभवातून कळलं.

कायदा कसा आला?
हे श्रेय एका माणसाचं नाही. मुंबईत १९६६ पासून महिलांनी सुरू केलेली ग्राहक संघटना काम करत होती. अहमदाबादेतही संस्था उभी राहिली होती. अखिल भारतीय ग्राहक पंचायतीने स्वतंत्र कायद्याची मागणी लावून धरली. १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायदा झाला. म्हणूनच हा दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन आहे.

युती सरकारच्या काळात जोशी राज्याच्या ग्राहक कल्याण सल्लागार समितीचे अध्यक्ष होते. २०१५ मध्ये त्यांचं निधन झालं.

मग अडचण कुठे आहे?
साधी तक्रार तीन महिन्यांत आणि मालाची तपासणी लागणारी पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात अनेकांना वर्षानुवर्षं तारखा मिळतात. आयोगांमधल्या रिक्त पदांची दखल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली.

दुसरी अडचण संघटनेची. कायदा आला, मॉल आले, ॲप आले आणि एकत्र खरेदीची गरज अनेकांना वाटेनाशी झाली. स्वयंसेवकांवर चालणाऱ्या कामाला नवी माणसं मिळणं अवघड झालं.

नाशिककरांसाठी हा विषय ताटातला आहे. लासलगावला कांद्याचा भाव पडला, तरी शहरातल्या ग्राहकाला तो त्याच प्रमाणात स्वस्त मिळत नाही. उत्पादक आणि ग्राहक यांना थेट जोडण्याचा पंचायतीचा मूळ विचार इथे आजही लागू पडतो. कायदा फसवणुकीनंतर मदतीला येतो. संघटित ग्राहक ती आधीच रोखू शकतो.

तक्रार करायची असेल तर...
• राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन : १९१५
• मुदत : तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं
• जिल्हा आयोग : मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही
• वकील सक्तीचा नाही
• कंपनी कुठलीही असो, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते
• बिल जपून ठेवा