जमखिंडीचे महर्षी आणि आपली देवस्थाने

निपाणीहून पूर्वेस निघावे, चिकोडी व रायबाग मागे टाकावे, की जमखिंडी लागते. आज हे गाव बागलकोट जिल्ह्यात मोडते. एके काळी ती पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होती. बेळगाव-निपाणीचा विषय निघाला की आपल्याला आयोग, ठराव आणि गावांच्या याद्या आठवतात. याच मुलखाने महाराष्ट्राला व कर्नाटकाला मिळून एक महर्षी दिला, ही आठवण मात्र क्वचितच निघते. विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखिंडीत झाला.

आजोबांचे नाव बसाप्पा, नातवाचे विठ्ठल आणि धाकट्या बहिणीचे जनाक्का. कानडी व मराठी या दोन्ही भाषा ज्या घरात सुखाने नांदत होत्या, त्या घरातील ही नावे होत. वडील वारकरी. घरात संपत्ती नव्हती, भक्ती होती. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकताना विठ्ठलरावांचा प्रार्थना समाजाशी संबंध आला आणि १८९८ मध्ये ते पदवीधर झाले. वकिली वा सरकारी नोकरी यांचा मार्ग मोकळा असता त्यांनी धर्मप्रचारकाचा खडतर मार्ग पत्करला. विलायतेतील युनिटेरियन मंडळींच्या शिष्यवृत्तीवर ते १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माच्या अभ्यासास गेले आणि १९०३ मध्ये परतून मुंबईच्या प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले.

प्रार्थना समाज हा सुशिक्षितांचा लहानसा मेळावा होता. उपासना शुद्ध, विचार उदार. परंतु त्याचे वारे मंदिराबाहेर फारसे जात नव्हते. शिंदे यांनी ते बाहेर काढले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळ येथे अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा उघडली आणि निराश्रित साह्यकारी मंडळी, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशन, हिचे कार्य सुरू झाले. अध्यक्षस्थानी होते न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर, आपल्याच किनाऱ्यावरील होनावरचे सुपुत्र. जनाक्काही या कार्यात भावाच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. मिशनचा वेल पुणे, हुबळीपर्यंत पसरला. मंगळुरात तर ब्राह्म समाजाचे कुद्मुल रंगराव यांनी स्वजातीयांचा बहिष्कार सोसून असे कार्य १८९७ मध्येच आरंभिले होते. ईश्वर एक आहे असे म्हणणाऱ्याने माणूसही एक मानला पाहिजे, हे या मंडळींना वेगळे सांगावे लागले नाही.

जेजुरीच्या खंडोबाला मुरळ्या वाहण्याच्या चालीविरुद्धही शिंदे उभे राहिले. बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या यल्लम्मापायी मुली सोडण्याची प्रथा ही त्याच दुःखाची दुसरी बाजू. तिच्या बंदीचा कायदा करण्यास कर्नाटकात १९८२ साल उजाडावे लागले. देवाच्या नावाने चालणारा अन्याय धर्मभावनेनेच निपटला पाहिजे, ही शिंदे यांची श्रद्धा होती. तिची किंमतही त्यांनी मोजली. १९१० मध्ये मतभेदांमुळे ते समाजाच्या प्रचारकपदापासून दूर झाले. काम मात्र सोडले नाही.

तथापि या चरित्रातील सर्वांत कठीण प्रसंग पुढचा आहे. आश्रय देणारा हात आश्रिताच्या वतीने बोलूही लागतो, हा परोपकाराचा जुना दोष. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कोणी निवडावेत या प्रश्नावर १९२० मध्ये नागपूरच्या परिषदेत, शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली, तरुण डॉ. आंबेडकरांनी मिशनच्या भूमिकेस उघड विरोध केला. आमच्या मते तो विरोध रास्त होता. शिंदे यांचे मोठेपण असे, की १९२३ मध्ये त्यांनी मिशनची सूत्रे अस्पृश्य समाजातील कार्यकर्त्यांच्या हाती सोपवली आणि स्वतः बाजूस झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, एप्रिल १९२५ मध्ये, निपाणीत मुंबई इलाख्यातील बहिष्कृतांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर. ज्यांच्यासाठी आजवर इतर बोलत होते, ते आता स्वतः बोलू लागले होते.

पुढे शिंदे वायकोमच्या सत्याग्रहास जाऊन आले, १९३० मध्ये कायदेभंगात तुरुंगात गेले, १९३३ मध्ये त्यांचा अस्पृश्यतेच्या प्रश्नावरील ग्रंथ निघाला. २ जानेवारी १९४४ रोजी ते निवर्तले. सनातन्यांना ते परके वाटले, दलितांना पुरेसे आपले वाटले नाहीत. उपेक्षा मात्र दोन्हींकडून झाली.

आज आपल्या किनाऱ्यावर देवस्थाने संपन्न आहेत. उत्सव थाटाचे होतात, कळस सोन्याने मढतात, अन्नदानही होते. हे सारे होऊ द्यावे. त्यात वाईट काही नाही. पण निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत आयुष्य झिजवलेल्या बाया, यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या जोगतिणी आणि त्यांची मुले यांच्या संघटना जेव्हा हक्क मागू लागतात, तेव्हा किती देवस्थानांची दारे त्यांच्या सभेसाठी उघडतात? आणि उघडलीच, तर व्यासपीठावर खुर्ची कोणाची असते? पैसा द्यावा, जागा द्यावी, प्रसंगी पाठीशी उभे राहावे आणि बोलणे ज्याचे त्याला करू द्यावे. जमखिंडीच्या वारकऱ्याच्या मुलाने अवघ्या सतरा वर्षांत हा धडा गिरवला. आपल्या विश्वस्तांना तो अजून गिरवावयाचा आहे.