प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज



स्मरणिकेसाठी विदर्भातील एखाद्या थोर व्यक्तीवर लिहा, असे संपादक मंडळाने कळवले आणि मला गुलाबराव महाराज आठवले. त्याला कारण आहे. काचबिंदूने तीन वर्षांपूर्वी माझी नजर गेली. हा लेख मी सांगितला, नातीने लिहून घेतला.

महाराजांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे, आजोळी झाला. मूळ गाव चांदूरबाजारजवळचे माधान, घर शेतकरी मोहोड कुटुंबाचे. वर्षाचे होण्याआधीच त्यांचे डोळे गेले. चार वर्षांचे असताना आई वारली आणि पुढली काही वर्षे ते आजीजवळ वाढले.

त्या काळी आंधळ्या मुलाला आधार तो काय? लुई ब्रेलची लिपी फ्रान्समध्ये होती, पण भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरायला १९५१ साल उजाडले. पांढऱ्या काठीचा प्रसार पहिल्या महायुद्धानंतरचा. वऱ्हाडातल्या खेड्यात यातले काहीच नव्हते. शाळाही त्यांच्या वाट्याला आली नाही.

त्यांनी दुसऱ्यांचे डोळे कामाला लावले. कुणाकडून तरी ग्रंथ वाचून घ्यायचा, ऐकलेले ध्यानात ठेवायचे आणि मग स्वतःचे विचार सांगून लिहवून घ्यायचे. प्रवासातही पुस्तकांच्या पेट्या सोबत असत. वेदान्त, योग, आयुर्वेद, संगीत यांपासून डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांच्या परीक्षणापर्यंत त्यांचा संचार होता. ज्ञानेश्वर माउलींची कन्या म्हणवून घेणाऱ्या या संताने मधुराद्वैत संप्रदाय स्थापला आणि शंभराहून अधिक ग्रंथ सिद्ध केले. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला, तेव्हा वय अवघे चौतीस होते.

भक्त त्यांच्या अलौकिक शक्तीच्या कथा सांगतात. मला आता वेगळीच गोष्ट मोठी वाटते. वाचणारा दुसरा होता, लिहिणारा दुसरा होता, पण कोणता ग्रंथ उघडायचा आणि काय लिहायचे, हे महाराज ठरवत. मदत घेऊनही माणूस स्वतंत्र राहू शकतो, हे मला त्यांच्या चरित्रातून उमगले.

नजर गेल्यावर मी मागच्या दोन स्नेहमेळाव्यांना आलो नाही. कुणावर भार नको, असे वाटे. आता पांढरी काठी घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत एकटा जातो. मेट्रो स्टेशनवर फरशीवरच्या उंचवट्याच्या पट्ट्या पायाला वाट सांगतात. सीताबर्डीच्या गर्दीत मात्र अजून सोबत लागते, आणि ती मागायची लाज आता वाटत नाही.

यंदा मी येणार आहे. भेटलात की आधी आपले नाव सांगा. ओळख पाहू कोण, हा खेळ नको. दंड धरून मला पुढे ढकलू नका. आपला कोपर पुढे करा, मी तो धरून अर्धे पाऊल मागे चालेन. पायरी आली की सांगा. आणि कुठे बसायचे, हे मला विचारा. मला आपल्या जुन्या शेवटच्या बाकवाल्यांतच बसायचे आहे.