दादाभाईंना मतं कशी मिळाली?

पारशी समाज मूठभर. त्यातले दादाभाई नौरोजी १८८६ साली लंडनमधून पार्लमेंटसाठी उभे राहिले अन् पडले. काळ्या माणसाला इंग्रज मत देणार नाहीत, असं पंतप्रधान सॉल्सबरींनी १८८८ मध्ये हिणवलं. तरी १८९२ मध्ये फिन्सबरीच्या मतदारांनी, बहुतेक ख्रिस्तीच ते, त्यांना बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी निवडून दिलं. हिंदी रयतेचा पैसा विलायतेला कसा वाहून जातो, हे दादाभाईंनी आयुष्यभर आकड्यांनिशी मांडलं. १८९५ ला ते हरले, पण काम थांबलं नाही. १८९७ मध्ये ते सदस्य असलेल्या वेल्बी कमिशनपुढं पुण्याहून गोखले साक्षीला गेले. दादाभाई १९१७ साली वारले. पंचायतीला मत देताना उमेदवाराचा धर्म नको, त्याचा हिशेब विचारा.