विश्लेषण : तीन ऑलिम्पिक, तीन सुवर्णपदके आणि फक्त दोन गोल! कोण होते नागपूरचे रिचर्ड ॲलन?

१९२८, १९३२ आणि १९३६ या सलग तीन ऑलिम्पिकमध्ये भारताने हॉकीचे सुवर्णपदक जिंकले. या तिन्ही संघांत असलेले खेळाडू फक्त दोन. एक मेजर ध्यानचंद, ज्यांचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. दुसरे रिचर्ड जेम्स ॲलन, ज्यांचे नाव त्यांच्या जन्मगावातही फारसे कुणाच्या ओठांवर नसते. ते जन्मगाव म्हणजे आपले नागपूर. ध्यानचंद गोल करत होते आणि ॲलन गोल होऊ देत नव्हते. तिन्ही स्पर्धा मिळून ॲलन दहा सामने खेळले आणि त्यांच्या पाठीमागच्या जाळ्यात चेंडू गेला तो केवळ दोनदा. त्यातल्या एका गोलाचा किस्सा मात्र त्यांच्या सगळ्या कामगिरीपेक्षा जास्त गाजला. काय होती ही कारकीर्द आणि ती मागे का पडली?

जन्म कुठला, घडण कुठली?

रिचर्ड ॲलन यांचा जन्म ४ जून १९०२ रोजी नागपुरात एका अँग्लो-इंडियन कुटुंबात झाला. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होते. १९०२ हे वर्ष वऱ्हाडासाठीही महत्त्वाचे. त्याच वर्षी निजामाने वऱ्हाड प्रांत ब्रिटिशांना कायमच्या भाडेपट्ट्याने दिला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला. अमरावती आणि अकोल्याचे सरकारदरबारचे कागद तेव्हापासून नागपूरला जाऊ लागले. म्हणजे ॲलन जन्मले तेव्हाच वऱ्हाड आणि नागपूर एका प्रशासनाखाली येत होते.

शिक्षणासाठी ते मसुरीच्या ओक ग्रोव्ह शाळेत आणि पुढे नैनितालच्या सेंट जोसेफ कॉलेजात गेले. ओक ग्रोव्ह ही रेल्वेने सुरू केलेली निवासी शाळा. डोंगरातल्या अशा शाळांत हॉकी हा रोजचा खेळ होता. अँग्लो-इंडियन मुले तिथे हातात काठी घेऊनच मोठी होत. पुढे ॲलन कलकत्त्याला गेले आणि हॉकीतली त्यांची ओळख बंगालचा गोलरक्षक अशीच झाली. भारतीय संघातही त्यांची निवड बंगालकडूनच झाली.

हॉकी खेळून पोट भरत होते का?

नाही. त्या काळी ऑलिम्पिकमध्ये हौशी खेळाडूंनाच प्रवेश होता. खेळण्याचे पैसे घेणारा खेळाडू बाद ठरे. मग घर कसे चालायचे? त्याचे उत्तर कलकत्त्यात होते. तिथे कस्टम्स, पोर्ट कमिशनर्स, टेलिग्राफ आणि रेल्वे यांचे स्वतःचे हॉकी संघ होते. या खात्यांत अँग्लो-इंडियन तरुणांना नोकऱ्या मिळत आणि चांगल्या खेळाडूला तर हमखास मिळे. दिवसा कचेरी आणि संध्याकाळी मैदान, असा हा दिनक्रम असे. १८९५ पासून खेळल्या जाणाऱ्या बेटन चषकात या संघांची चुरस लागे. आजच्या लीगसारखा करार नव्हता की लिलाव नव्हता, पण नोकरीच्या आधाराने टिकलेली ही एक प्रकारची व्यावसायिक घडणच होती.

गोलरक्षकाचे काम तेव्हा किती अवघड होते?

त्या काळच्या संघरचनेत पुढे पाच आघाडीपटू, त्यांच्या मागे तिघांची मधली फळी, मग दोन बचावपटू आणि शेवटी गोलरक्षक असे. म्हणजे मधली फळी भेदली गेली की बचावाला उरत ते तिघेच. गोलरक्षकाला १२ फूट रुंद आणि ७ फूट उंच जागा राखायची असे. चेंडू क्रिकेटच्या चेंडूसारखाच टणक. पायाला पॅड असत, पण डोक्याला हेल्मेट नाही की छातीला आजच्यासारखे कवच नाही. मैदान गवताचे असल्याने चेंडू कधी, कुठे उसळेल याचा नेम नसे.

भारतीय गोलरक्षकासमोर आणखी एक अडचण होती, आणि ती दुरून दिसत नाही. संघ इतका बलाढ्य होता की चेंडू बहुतेक वेळ समोरच्याच अर्ध्यात असे. अर्धा अर्धा तास नुसते उभे राहायचे आणि अचानक एखादा प्रतिहल्ला आला की त्या एका क्षणी चूक करायची नाही. सतत चेंडू अडवणाऱ्या गोलरक्षकाचे अंग गरम राहते, नजर बसते. रिकाम्या उभ्या गोलरक्षकाला ती नजर स्वतःच राखावी लागते.

१९२८ : एकही गोल नाही, हे कसे घडले?

भारतीय हॉकी महासंघ १९२५ मध्ये ग्वाल्हेरला स्थापन झाला. ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकचा संघ निवडण्यासाठी १९२८ मध्ये कलकत्त्याला आंतरप्रांतीय स्पर्धा झाली. त्यात संयुक्त प्रांत, पंजाब, बंगाल, राजपुताना यांच्यासोबत मध्य प्रांताचाही संघ होता. बंगालकडून ॲलन निवडले गेले, तर मध्य प्रांताकडून बचावपटू मायकेल रॉक आणि मधल्या फळीतले रेक्स नॉरिस. निवडलेल्या संघात निम्म्याहून अधिक खेळाडू अँग्लो-इंडियन होते.

पैशांची मात्र ओढाताण होती. सुमारे १५ हजार रुपये कमी पडत होते आणि त्यामुळे नॉरिस आणि शौकत अली या दोघांना मागे ठेवण्याची वेळ आली होती. बंगालच्या हॉकी संघटनेने हात दिला आणि दोघे बोटीवर चढले. निघण्यापूर्वी मुंबईच्या संघाने या ऑलिम्पिक संघाला ३-२ असे हरवले. मार्च महिन्यात मुंबईच्या धक्क्यावर निरोप द्यायला अवघे तीन जण आले होते.

त्यानंतर जे घडले ते आकड्यांतच वाचावे. भारताने ऑस्ट्रियाला ६-०, बेल्जियमला ९-०, डेन्मार्कला ५-० आणि स्वित्झर्लंडला ६-० असे हरवले. २६ मे रोजी अंतिम सामन्यात यजमान नेदरलँड्सवर ३-० असा विजय मिळवला. पाच सामन्यांत २९ गोल केले आणि एकही घेतला नाही. पाचही सामन्यांत गोलपोस्टमध्ये ॲलन उभे होते.

यातला अंतिम सामना सोपा नव्हता. कर्णधार जयपाल सिंग मुंडा संघ सोडून गेले होते. फिरोज खान, शौकत अली आणि खेर सिंग हे खेळू शकले नाहीत आणि ध्यानचंद अंगात ताप घेऊन उतरले. पुढची फळी अशी मोडकी असताना, घरच्या प्रेक्षकांसमोर खेळणाऱ्या डच संघाला कोरे ठेवण्याचा भार बचावावर आला. रॉक, हॅमंड आणि ॲलन या तिघांनी तो पेलला. संघ परतला तेव्हा मुंबईच्या त्याच धक्क्यावर लोकांची गर्दी उसळली होती.

१९३२ : सह्या देत असताना गोल झाला?

लॉस एंजेलिस ऑलिम्पिक मंदीच्या काळात झाले. प्रवासाचा खर्च झेपत नसल्याने हॉकीत तीनच संघ उतरले : भारत, जपान आणि यजमान अमेरिका. जपानविरुद्धच्या सामन्यात आर्थर हिंद गोलरक्षक होते आणि भारताने ११-१ असा विजय मिळवला. ११ ऑगस्टला अमेरिकेविरुद्ध ॲलन उतरले. भारताने हा सामना २४-१ असा जिंकला. रूप सिंग यांनी १० आणि ध्यानचंद यांनी ८ गोल केले. ऑलिम्पिक हॉकीतला हा सर्वात मोठा विजय आजही कायम आहे.

अमेरिकेचा तो एकुलता एक गोल ॲलन यांच्या नावाला कायमचा चिकटला. किस्सा असा सांगितला जातो, की चेंडू आपल्या बाजूला येतच नाही हे पाहून ॲलन गोलपोस्टमागे जमलेल्या चाहत्यांना सह्या देत उभे होते. तेवढ्यात अमेरिकेने धाव घेतली आणि रिकाम्या गोलात चेंडू गेला. हॉकीच्या गप्पांत हा किस्सा नव्वद वर्षे हसत हसत सांगितला जातो आहे.

पण या किश्शाची दुसरी बाजूही पाहायला हवी. ज्या सामन्यात गोलरक्षकाला सह्या द्यायला सवड मिळते, त्यात त्याच्या कौशल्याची परीक्षाच होत नाही. ॲलन यांची परीक्षा ॲमस्टरडॅमच्या अंतिम सामन्यात झाली होती आणि बर्लिनमध्ये पुन्हा व्हायची होती. लोकांनी लक्षात ठेवला तो मात्र सर्वात सोपा सामना आणि त्यातली एक चूक. आघाडीपटूच्या दहा हुकलेल्या संधी एका गोलाने पुसल्या जातात. गोलरक्षकाने अडवलेले सगळे चेंडू एका गोलामुळे विसरले जातात.

१९३६ : बर्लिनमध्ये काय पणाला लागले होते?

बर्लिनला पोहोचल्यावर १७ जुलैच्या सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरवले. दोन सुवर्णपदके जिंकलेल्या संघाला हा मोठा धक्का होता. हिटलरच्या राजवटीत, जर्मनीच्याच मैदानावर अंतिम सामना हरण्याची भीती खरी वाटू लागली. घाईने तार करून भारतातून अली दारा यांना विमानाने बोलावून घेण्यात आले.

स्पर्धेत मात्र भारताने हंगेरीला ४-०, अमेरिकेला ७-०, जपानला ९-० आणि उपांत्य फेरीत फ्रान्सला १०-० असे नमवले. पावसामुळे एक दिवस पुढे गेलेला अंतिम सामना १५ ऑगस्टला झाला. त्याआधी भारतीय खेळाडूंनी तिरंग्याला वंदन केले. अधिकृत ध्वज ब्रिटिश भारताचा असताना त्यांनी हे केले.

मध्यंतराला भारत फक्त १-० असा पुढे होता. म्हणजे सामन्याचा निम्मा वेळ एका गोलाच्या फरकावर लोंबकळत होता आणि जर्मनीचा एक गोल सगळे चित्र बदलू शकला असता. या काळात टॅपसेल आणि मोहम्मद हुसेन हे बचावपटू आणि त्यांच्या मागे ३४ वर्षांचे ॲलन यांनी तो गोल होऊ दिला नाही. उत्तरार्धात ध्यानचंद बूट काढून खेळले आणि भारताने गोलांचा धडाका लावला. निकाल ८-१ लागला. जर्मनीचा तो एक गोल म्हणजे भारताने त्या संपूर्ण स्पर्धेत स्वीकारलेला एकमेव गोल. ॲलन त्या स्पर्धेत चार सामने खेळले.

याच बर्लिनमध्ये तेव्हा वऱ्हाडची माणसेही होती. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू ऑलिम्पिकच्या निमित्ताने तिथे गेला होता. त्यांनी कबड्डीसह भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. एकाच प्रांतातून निघालेल्या दोन वाटा बर्लिनमध्ये एकत्र आल्या. एक आखाड्यातून आलेली, दुसरी रेल्वे वसाहती आणि छावण्यांच्या मैदानांतून. अमरावतीच्या वाटेची आठवण आजही अभिमानाने जपली जाते. नागपूरच्या गोलरक्षकाची तशी जपली गेली नाही.

मग ते विस्मरणात का गेले?

पहिले कारण खेळातलेच आहे. भारताने या तीन स्पर्धांत १२ सामन्यांत १०२ गोल केले आणि फक्त ३ स्वीकारले. पण गोल मोजले जातात, न झालेले गोल मोजले जात नाहीत. शंभरच्या वर गोल करणाऱ्या संघात गोलरक्षकाचे काम कुणाच्या नजरेत भरणार?

दुसरे कारण युद्ध. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ चे ऑलिम्पिक झालेच नाही. १९४८ मध्ये स्वतंत्र भारताने लंडनला सुवर्ण जिंकले, तेव्हा देशाला नवे नायक मिळाले होते.

तिसरे कारण समाजाचे. स्वातंत्र्यानंतर रेल्वे, तार आणि कस्टम्समधल्या राखीव नोकऱ्यांचा आधार हळूहळू आटत गेला आणि हजारो अँग्लो-इंडियन कुटुंबे इंग्लंड, ऑस्ट्रेलियाला निघून गेली. त्यांच्यासोबत त्यांची हॉकीही गेली. जुन्या मध्य प्रांतातल्या जबलपूरला जन्मलेले एरिक पिअर्स पुढे ऑस्ट्रेलियाकडून चार ऑलिम्पिक खेळले. जो समाज आठवणी सांगायचा तोच पांगला, तेव्हा आठवण ठेवणारे मागे उरले थोडे. ॲलन यांचे निधन १९६९ मध्ये झाले.

चौथे कारण आपल्या जवळचे आहे. ॲलन यांचे शिक्षण मसुरी आणि नैनितालला झाले, त्यांची खेळाडू म्हणून नोंद बंगालची झाली, त्यांचे आडनाव इंग्रजी होते. त्यामुळे नागपूरने त्यांना कधी आपला मुलगा म्हणून हाक मारली नाही आणि बंगालला ते बाहेरून आलेले.

आज या कारकिर्दीकडे कसे पाहावे?

विदर्भातला मुलगा किंवा मुलगी आज हॉकीची काठी हातात घेते, तेव्हा तिला सांगायला एक सरळ हिशेब आहे. नागपुरात जन्मलेल्या एका माणसाकडे तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके होती. पहिल्या स्पर्धेत पाच सामन्यांत त्याने एकही गोल होऊ दिला नाही. आठ वर्षांनी, वयाच्या चौतिशीत, तो पुन्हा अंतिम सामन्यात त्याच जागी उभा होता. सह्यांचा किस्सा जरूर सांगावा, कारण तो गमतीचा आहे. पण त्याच्याआधी ॲमस्टरडॅमचे ते पाच शून्य सांगावेत.